सहा ठिपक्यांची अक्षरे आणि अंधांचा हातातील संगणक

गेल्या वर्षी अंतर्गत परीक्षेच्या वेळी, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे असलेल्या एका अंध विद्यार्थ्याचा लेखनिक म्हणून बसण्याचा योग मला आला. विषय मराठीचा होता. तो सांगत होता व मी लिहीत होतो. उत्तर त्याचे आणि अक्षर माझे! मध्येच 'मीमांसा' हा शब्द आला. शब्द त्याचे तर शुद्धलेखनही त्याचेच हवे, म्हणून मी हलकेच विचारले, "अरे, मीमांसामधला मी ऱ्हस्व की दीर्घ?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शब्द शेकडो वेळा ऐकलाय. पण हाताखालून एकदाही गेला नाही. तुला योग्य वाटेल तसं लिही."

हे उत्तर माझ्या मनात घर करून राहिले. त्याचे शालेय शिक्षण अंधशाळेत झाले होते. तेथे त्याला ब्रेलमधील पाठ्यपुस्तके मिळत असत. महाविद्यालयात आल्यावर मात्र त्याच्या अभ्यासक्रमातले एकही पुस्तक ब्रेलमध्ये नव्हते. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घेतलेले धडे ऐकायचे, ते पाठ करायचे आणि परीक्षेत लेखनिकाला सांगायचे, अशी त्याची तीन वर्षे गेली. म्हणजे आमच्या पदवीच्या वर्गात बसलेला एक हुशार मुलगा वाचतही नव्हता आणि लिहीतही नव्हता. तो केवळ ऐकत होता व बोलत होता. ही उणीव भरून काढणारे एखादे साधन आहे काय, याचा शोध घेताना ब्रेल संगणकाची माहिती मिळाली. ती विद्यार्थी-मित्रांपुढे व प्राध्यापकवर्गापुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिपीची कुळकथा

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे ह्या गावी झाला. वडील खोगीर व लगाम बनविणारे कारागीर होते. त्यांच्या कारखान्यात खेळत असताना वयाच्या तिसऱ्या वर्षी हत्यार डोळ्याला लागले, आणि पुढे जखम चिघळून दोन्ही डोळे गेले. पॅरिसच्या अंधशाळेत शिकत असता त्यांना शार्ल बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची लेखनपद्धती समजली. बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत, ही त्या पद्धतीतली मुख्य अडचण त्यांनी ओळखली व ठिपके सहावर आणले. १८२४ साली, म्हणजे अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी ही लिपी सिद्ध केली. १८२९ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

उभे तीन आणि आडवे दोन अशा सहा ठिपक्यांच्या चौकटीला 'सेल' म्हणतात. आपण तिला 'घर' म्हणू. डावीकडील ठिपक्यांना वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडील ठिपक्यांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. कोणते ठिपके उठवायचे व कोणते सपाट ठेवायचे, यांवरून एकंदर ६३ आकृती तयार होतात. घराचा आकार बोटाच्या पेरावर बेतलेला असल्यामुळे तो लहानमोठा करता येत नाही. छापील अक्षर बारीक करून कागद वाचविता येतो, ब्रेलमध्ये ती सोय नाही.

भारतात प्रारंभी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल लिप्या चालत असत. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' मान्य झाली. मराठीतला क आणि बंगालीतला क बोटाला एकच लागतो. डोळसांना जे एकलिपीचे स्वप्न साधले नाही ते अंधांनी साधले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

भारती ब्रेलची गंमत आपल्याच परिसरातील नावांवरून पाहू. 'चाकण' हा शब्द घ्या. च म्हणजे ठिपके १ व ४. आ म्हणजे ३, ४, ५. क म्हणजे १ व ३. ण म्हणजे ३, ४, ५, ६. काना हे वेगळे चिन्ह नसून पूर्ण 'आ' हाच स्वर व्यंजनानंतर येतो. त्यामुळे 'चाकण' चार घरांत बसते. 'पिंपरी' ह्या तीन अक्षरी शब्दाला मात्र प, इ, अनुस्वार, प, र, ई अशी सहा घरे लागतात. छपाईत पहिली वेलांटी प च्या आधी दिसते, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे प च्या नंतर येते. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ऱ्हस्व इ म्हणजे ठिपके २ व ४ आणि दीर्घ ई म्हणजे ठिपके ३ व ५. एका शब्दातल्या दोन वेलांट्या बोटाखाली अगदी निराळ्या लागतात. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊच.

कागदाची अडचण

ब्रेल हाताने लिहिण्याचे जुने साधन म्हणजे पाटी व टोकदार लेखणी. कागद पाटीत अडकवून एकेक ठिपका टोचायचा. ठिपके कागदाच्या मागील बाजूस उठतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि वाचायचे कागद उलटून! १९५१ साली अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेने सहा कळांचे ब्रेल टंकयंत्र बाजारात आणले आणि ही उलटापालट संपली. परंतु कागदाचा प्रश्न राहिलाच.

तो किती मोठा आहे, याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. छापील पानावर ३०० शब्द धरले आणि प्रत्येक शब्दाला मधल्या मोकळ्या जागेसह सरासरी सात घरे धरली, तर २,१०० घरे झाली. ब्रेलच्या मोठ्या पानावर चाळीस घरांच्या पंचवीस ओळी, म्हणजे फार तर १,००० घरे मावतात. तेव्हा २०० पानांच्या छापील ग्रंथाची ४०० हून अधिक जाड पाने होतात. त्यांचे तीन-चार खंड बांधावे लागतात आणि ते दाबून ठेवले तर ठिपके चेपतात. पदवीच्या एका वर्षाचे सर्व ग्रंथ ब्रेलमध्ये मिळाले, तरी वसतिगृहाच्या खोलीत ते ठेवायचे कोठे आणि बसमधून न्यायचे कसे?

आता हेच पुस्तक संगणकाच्या भाषेत पाहू. एका घराला एक बाइट एवढी जागा धरली, तर वरील सबंध ग्रंथ सव्वाचार लाख बाइटच्या आत संपतो. नखाएवढ्या एक गिगाबाइटच्या कार्डावर असे दोन हजारांहून अधिक ग्रंथ मावतील. प्रश्न उरतो तो एवढाच, की कार्डावरचे अक्षर बोटाखाली उठवायचे कसे?

यंत्राची रचना

हे काम करणारी सुई-ठिपक्यांची पट्टी हाच ब्रेल संगणकाचा प्राण होय. पट्टीवर प्रत्येक घराच्या जागी सहा किंवा आठ बारीक भोके असतात आणि प्रत्येक भोकात एक सुई असते. सुई वर आली की ठिपका उठतो, खाली गेली की तो मिटतो. ओळ वाचून झाली की कळ दाबायची, सुया हलतात आणि त्याच जागी पुढील ओळ उभी राहते. वीस घरांच्या पट्टीत प्रत्येक घराला आठ ठिपके धरल्यास १६० सुया होतात, चाळीस घरांच्या पट्टीत ३२०.

सुई हलविण्याची रूढ पद्धत अशी आहे. काही स्फटिकमय पदार्थांवर विजेचा दाब दिला असता ते किंचित आकार बदलतात. अशा पदार्थांचे दोन थर एकमेकांस चिकटवून पातळ पट्टी केली आणि तिला सुमारे २०० व्होल्टचा दाब दिला की ती वाकते. तिच्या टोकावर टेकलेली सुई तेवढ्याने वर उचलली जाते. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे वाचकाला धोका नसतो. परंतु एकेका ठिपक्याला एकेक पट्टी, आणि त्या पट्ट्या घराच्या मानाने बऱ्याच लांब! त्यामुळे असे यंत्र महाग होते, आणि एका ओळीखाली दुसरी ओळ बसविणेही अवघड जाते. अशी बहुतेक यंत्रे एकाच ओळीची असतात, त्याचे कारण हे आहे.

लिहिण्यासाठी यंत्रावर पर्किन्सप्रमाणे सहा कळा व एक जागा सोडण्याची कळ असते. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका यांच्याकडे १, २, ३ हे ठिपके, तर उजव्या हाताच्या त्याच बोटांकडे ४, ५, ६. 'क' लिहायचा तर डावी तर्जनी व अनामिका एकदम दाबावी. 'च' लिहायचा तर दोन्ही तर्जन्या. लिहिलेले लगेच पट्टीवर उठते. ते बोटाने तपासता येते व चूक असल्यास दुरुस्त करता येते. पाटी-लेखणीत टोचलेला ठिपका परत घेता येत नाही. लिहून, वाचून, पुसून पुन्हा लिहिण्याची जी मुभा आपल्याला पहिलीपासून मिळते, ती अंध विद्यार्थ्याला प्रथम ह्या यंत्राने दिली.

ह्या यंत्राचा इतिहास अर्धशतकाचा आहे. १९७० नंतरच्या दशकात युरोपात अशा पट्ट्या तयार होऊ लागल्या. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत 'व्हर्साब्रेल' हे वीस घरांचे यंत्र आले. त्यात मजकूर ध्वनिफितीच्या कॅसेटवर साठविला जाई. १९८७ साली डीन ब्लेझी यांनी 'ब्रेल अँड स्पीक' हे छोटेखानी यंत्र काढले. त्यात ब्रेल कळा होत्या, पण पट्टी नव्हती. लिहिलेले ते बोलून दाखवी. २००० साली आलेल्या 'ब्रेलनोट' ह्या न्यूझीलंडच्या यंत्रात कळा, पट्टी व आवाज ही तिन्ही एकत्र आली. अलीकडे २०२४ साली 'मोनार्क' नावाचे दहा ओळींचे, प्रत्येक ओळीत बत्तीस घरांचे यंत्र अमेरिकेत उपलब्ध झाले. त्यावर नकाशे व आलेखही उठविता येतात.

परदेशी बनावटीच्या बत्तीस वा चाळीस घरांच्या यंत्राची किंमत मात्र लाखांत जाते. म्हणून आपल्याकडील प्रयत्न महत्त्वाचे ठरतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आश्रयाने वाढलेल्या 'इनोव्हिजन' ह्या तरुण उद्योगाने 'ब्रेल-मी' हे वीस घरांचे यंत्र तयार केले. त्यात महागड्या स्फटिक-पट्ट्यांऐवजी चुंबकीय तत्त्वाचा वापर आहे. अमेरिकेतही ते सुमारे ५०० डॉलरना विकले गेले. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१९ साली 'डॉटबुक' हे वीस व चाळीस घरांचे यंत्र पुढे आले. महाराष्ट्रात बनलेले यंत्र परदेशातील अंधांच्या हाती जावे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. ते आपल्या शेजारच्या बाकावर केव्हा येणार, हा प्रश्नही तितकाच खरा.

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो डावलण्यासारखा नाही. आज साधा मोबाइलही मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' ही बोलकी प्रणाली फुकट मिळते. मग एवढे महाग यंत्र हवे कशाला? वीस घरांच्या पट्टीची मर्यादाही मोठी आहे. 'पिंपरी चिंचवड चाकण' एवढे तीन शब्द लिहिले की मोकळ्या जागांसह अठरा घरे संपतात! एक छापील पान वाचण्यास पुढची कळ शंभराहून अधिक वेळा दाबावी लागेल. कथा-कादंबरी ऐकणेच सोयीचे, हे कोणीही मान्य करील.

पण आपण विद्यार्थी आहोत, आणि विद्यार्थ्याचे काम गोष्ट कळण्यापुरते नसते. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. आपल्या बोलण्यात ह्या जोड्यांतला फरक जवळजवळ पुसला गेला आहे. मग यंत्राच्या आवाजात तो कोठून येणार? कानाला हे शब्द एकच वाटतात, बोटाला मात्र वेगळे लागतात. माझ्या मित्राला 'मीमांसा' शब्दाचा अर्थ ठाऊक होता, उच्चार ठाऊक होता, रूप तेवढे ठाऊक नव्हते. डोळसांपैकी कोणी सबंध शिक्षण केवळ ऐकून घेतले, तर त्याला आपण बहुश्रुत म्हणू, पण साक्षर म्हणू काय? किंबहुना कवितेची ओळ कोठे तुटते, अवतरणचिन्ह कोठे लागते, परिच्छेद कोठे संपतो, हे सारे हाताखालीच कळते. शिवाय वाचणे ही खासगी गोष्ट आहे. घरून आलेले पत्र, बँकेचा हिशेब, स्वतःच्या भाषणाचे टिपण ही दुसऱ्याच्या आवाजाशिवाय वाचता येणे यात माणसाची प्रतिष्ठा आहे.

याला पोटापाण्याची बाजूही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यांपैकी एक टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी आहे. बँक असो की कार्यालय, तेथे लेखनिक सोबत येत नाही. अर्ज स्वतः लिहावा लागतो, आणि तो शुद्ध लिहावा लागतो.

आपला परिसर आणि आपण

आपल्या भागात अंधशिक्षणाची परंपरा नाही असे नाही. पुण्याची अंधशाळा १९३४ सालापासून कार्य करीत आहे. आळंदीला अंध मुलींची 'जागृती' शाळा आहे. स्वागत थोरात यांनी २००८ साली 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. देशातील हे पहिले नोंदणीकृत ब्रेल वृत्तपत्र मराठीत निघाले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शाळेपर्यंतची वाट अशी थोडीफार बांधलेली आहे. ती महाविद्यालयाच्या फाटकाशी येऊन तुटते.

ब्रेल यंत्राच्या दुरुस्तीचा प्रश्नही आहे. सुयांच्या भोकांत धूळ व हाताचा घाम जातो आणि एखादी सुई अडकते. एका सुईने काय होते, ते पाहा. 'र' म्हणजे ठिपके १, २, ३, ५ आणि 'ल' म्हणजे १, २, ३. पाचवी सुई उठली नाही की 'कार' चे 'काल' होते! भोसरीच्या लहान लहान कारखान्यांत मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवणारे कारागीर आहेत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारींचे हजारो सुटे भाग घडतात. अर्धा-पाऊण मिलिमीटर वर येणारी सुई ह्या हातांना अवघड जाऊ नये. आपल्यापैकी अनेकांचे वडील व भाऊ ह्याच कारखान्यांत आहेत. आपण घरी हा विषय काढला, तरी एक सुरुवात होईल.

परंतु यंत्र येण्याआधी, एक पैसाही खर्च न करता करता येण्याजोगे काम आपल्या हाती आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडील कित्येक टिपणे व प्रश्नपत्रिका अजून जुन्या पद्धतीच्या मराठी टंकांत तयार होतात. पडद्यावर त्यांत मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. असा मजकूर ब्रेल यंत्राला दिला, तर बोटाखाली निरर्थक ठिपके येतात, आणि बोलकी प्रणालीही तीच खिचडी वाचते. तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित केला, तर त्याचे भारती ब्रेलमध्ये रूपांतर करणारी प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. पानाचे नुसते छायाचित्र काढून पाठविले, तर ब्रेल यंत्राच्या दृष्टीने तो कोरा कागद होय. आपल्या टिपणांची छायाचित्रे एकमेकांना पाठविताना हे आपल्या कधी ध्यानात आले आहे काय?

कायद्याचीही आडकाठी नाही. २०१२ सालच्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात, अंधांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करण्यास मोकळीक मिळाली आहे. अंधांना पुस्तके सुलभ व्हावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम अनुमोदन देणारा देश भारतच होता. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. कायदा झाला, ग्रंथालय झाले, यंत्रही झाले. उरले आहे ते आपले काम.

म्हणून शेवटी तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी आपली टिपणे युनिकोडमध्येच लिहावीत. दुसरी, प्रत्येक वर्गाने वर्षातून आपल्या अभ्यासक्रमातले एक पुस्तक मिळून टंकलिखित करावे. पन्नास जणांनी चार-चार पाने घेतली, तर २०० पानांचा ग्रंथ एका रविवारी पुरा होतो. तिसरी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने संदर्भग्रंथाप्रमाणे निदान एक वीस घरांचे ब्रेल यंत्र ठेवावे. ग्रंथालय मोठमोठे कोश घेते, ते काही रोज प्रत्येकाने उघडावेत म्हणून घेत नाही. ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी ते तेथे असावेत, म्हणून घेते.

त्या दिवशी पेपर संपल्यावर आम्ही बराच वेळ आवारात बसलो होतो. मी त्याचा तळहात उलटा करून त्यावर बोटाने 'मीमांसा' ब्रेलमध्ये उमटविण्याचा प्रयत्न केला. नुकतीच शिकलेली लिपी असल्याने मी दोनदा चुकलो आणि त्याने हसून मला दुरुस्त केले. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे दोन्हीकडे दीर्घ नाही, पहिलाच दीर्घ. आता नाही विसरणार." एक शब्द त्याने वाचला होता. बाकीचे शब्द त्याच्या हाताखाली आणणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.